सात नंबरचा झाडू

दोल्ना क्रुशा गावात सकाळी आठला शिट्टी वाजते आणि ती ऐकून गावातली सगळी कुत्री आणि अकरा बेकार माणसं कचेरीसमोर गोळा होतात. कुत्र्यांना काही मिळत नाही. माणसांना भत्ता मिळतो, म्हणजे घरात कुणालाच नोकरी नाही म्हणून सरकार महिन्याला जे काही टेकवतं ते, आणि त्याच्या बदल्यात रोज चार तास गाव झाडायचं, गटारं उपसायची, हिवाळ्यात बर्फ लोटायचा. कागदावर याला समाजोपयोगी श्रम म्हणतात. गावात नुसतं 'झाडू' म्हणतात. कुठे चाललास, तर झाडूवर. बायको काय करते, तर तीही झाडूवरच.

शिट्टी असते मुकादम गेरगिनच्या तोंडात. हा गेरगिन पूर्वी सहकारी शेतीच्या कोठारावर कारकून होता. कोठार पडलं, शेती गेली, सहकार तर त्याच्याही आधी गेला, पण गेरगिनमधला कारकून काही केल्या गेला नाही. हजेरीबुक तो पेन्सिलीनं लिहितो आणि दर शुक्रवारी त्यावर शाई फिरवतो, कारण दुपारी दोनच्या बसनं ते बुक जिल्ह्याला जातं. महिन्यात तीन खाडे झाले की नाव कापलं. वर्षभर भत्ता बंद आणि त्याबरोबर सरपणाची मदतही बंद. फेब्रुवारी महिन्यात आमच्याकडे सरपण बंद होणं म्हणजे काय, हे ज्याला कळत नसेल त्यानं एक रात्र येऊन राहून बघावं.

वर झाडूचा नियम होताच. दोन वर्षांपूर्वी निम्म्या मंडळींनी सरकारी झाडू गुत्त्यात देऊन त्याची रकिया प्यायली होती. तेव्हा गेरगिननं नवे झाडू मागवले, प्रत्येकाच्या दांड्यावर लाल रंगानं नंबर घातला, दोनपासून बारापर्यंत, आणि फर्मान काढलं की जो आपल्या नंबरच्या झाडूशिवाय येईल तो आलाच नाही असं धरण्यात येईल. एक नंबरचा झाडू त्यानं स्वतःकडे ठेवला. तो कचेरीत भिंतीवर टांगलेला असतो, नमुना म्हणून. त्या झाडूनं आजवर काडीइतकाही कचरा काढलेला नाही.

सात नंबरचा झाडू वेल्कोचा.

वेल्को मूळचा फरशीवाला. हात सोन्यासारखा, पण बांधकामंच थांबली तर सोन्याचा हात घेऊन काय चाटायचंय? वय एकतीस, जीभ तिखट, आणि विश्वास कशावरही नाही. सरकारवर नाही, डॉक्टरवर नाही, देवावर तर नाहीच. चर्चमध्ये गेलाच तर खाली मान घालून फरशी कशी बसवली आहे ते बघायचा आणि बाहेर येऊन नावं ठेवायचा. लोकांना वाटायचं, बघा किती नम्र आहे.

जानेवारीच्या शेवटी त्याच्या बायकोनं, इस्क्रानं, जिल्ह्याच्या इस्पितळात मुलीला जन्म दिला. त्या दिवशी वेल्को झाडूवर गेला नाही. आता बायको कळा देत असताना नवरा गटार उपसत बसेल का? गेरगिननं पेन्सिलीनं खाडा मांडला, शुक्रवारी त्यावर शाई फिरवली, आणि फेब्रुवारीचा हिशेब विसाव्या तारखेपासून विसाव्या तारखेपर्यंत धरतात म्हणून तो खाडा याच महिन्यात येऊन बसला. मग पंधराव्या दिवशी इस्क्राचे टाके पिकले. ताप इतका चढला की ती वेल्कोला तिच्या मेलेल्या बापाच्या नावानं हाक मारायला लागली. तो तिला घेऊन परत इस्पितळात धावला. झाला दुसरा खाडा.

इस्पितळात इस्क्राला ठेवून घेतलं, पण पोरीला ठेवायला नकार दिला. वॉर्डात साथ आहे, म्हणाले, तान्हं मूल इथे नको. वेल्को बसमध्ये बसला तो कोटाच्या आत पोरगी आणि हातात दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन. चाळीस किलोमीटर तो श्वासही जपून घेत होता.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, त्यानं गेरगिनचं घर गाठून विचारलं, आता मी सोमवारी येऊ कसा? गेरगिननं सरकारी वही काढली. तान्ह्या मुलाच्या आईला कामातून सूट आहे. बापाला नाही. बापाला हवी असेल तर आई मूल सांभाळायला असमर्थ आहे असा दाखला लागतो. अर्ज केल्यापासून तीस दिवसांत मिळतो. तीस दिवसांत पोरगी दीड महिन्याची होईल, वेल्को म्हणाला. हो, गेरगिन म्हणाला, पण दाखला मिळेल. आणि त्यानं खरंच अर्जाचा कागद काढून दिला, कारण नियमात तसं लिहिलेलं होतं.

पोरीला सांभाळणार कोण? वेल्कोची आई चार वर्षांपूर्वी गेली. सासू इटलीत एका म्हातारीचं हगणं-मुतणं काढते, ती फोनच्या पडद्यावरून सल्ले देत होती आणि रडत होती, आणि दोन्हीचा उपयोग सारखाच होता. गावातल्या ज्या बायकांना मूल धरता येतं त्या सगळ्या आठ ते बारा झाडूवर. आणि बाहेर उणे आठ तापमान. शिवाय चाळीस दिवस व्हायच्या आधी पोर उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. बसमधून आणलं होतं तेवढ्यावरून अर्धा गाव वेल्कोला बोल लावून मोकळा झाला होता.

राहता राहिली शेजारची वूता आजी. वय त्र्याऐंशी, दात तीन, आणि गावातल्या निम्म्या माणसांची नाळ तिनं कापलेली. रविवारी ती न बोलावताच आली, पाळण्यात वाकली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "शी, काय हे माकडतोंडं! कोंबड्या हगोत गं तुझ्यावर." असं तान्ह्याला म्हणावंच लागतं. चांगलं म्हटलं की दृष्ट लागते. मग ती तीनदा थुंकल्यासारखं करून खुर्चीत बसली आणि म्हणाली की रोज सकाळी येईन, दुपारी जाईन, मला दही आणि भाकरीचा तुकडा पुरे.

वेल्कोला वाटलं, सुटलो.

सोमवारी सकाळी पावणेआठला त्यानं दूध पाजलं, लंगोट बदलला, टोपी घातली आणि दाराआड ठेवलेला झाडू घ्यायला गेला, तर झाडू जागेवर नाही. पाळण्याला टेकवून उभा. काड्या वर, दांडा खाली.

आजी म्हणाली, तो तिथेच राहणार. आई घरात नाही, नाव अजून चर्चमध्ये घातलेलं नाही, चाळीस दिवस झालेले नाहीत. असलं पोर झाडूशिवाय ठेवत नाहीत. वेल्को म्हणाला, अगं पण तू आहेस ना बसलेली. आजी म्हणाली, मी त्र्याऐंशी वर्षांची आहे, मला डुलकी लागते, मग राखण कोण करणार? पोरं न्यायला जी येते ना, तिला एक खोड आहे. झाडू दिसला की तिला काड्या मोजाव्याच लागतात. मोजता मोजता चुकते, परत पहिल्यापासून मोजते, तेवढ्यात कोणीतरी येतं आणि ती पळते.

वेल्कोनं स्वयंपाकघरातून बाजारातला गुलाबी प्लॅस्टिकचा झाडू आणून दिला. घे, याच्या मोज म्हणावं काड्या.

"मेल्या, याच्यात मोजायचं काय?" आजी म्हणाली. "पाकिटावर लिहिलेलंच असतं."

गावात खऱ्या काडीचे झाडू आता फक्त सरकारीच उरले होते. दुकानात सगळं गुलाबी. वेल्कोनं तिला समजावलं, धमकावलं, शेवटी म्हणाला की झाडूशिवाय गेलो तर तिसरा खाडा पडेल, भत्ता जाईल, सरपण जाईल, मग तुझी ती येण्याआधी थंडीच पोरीला घेऊन जाईल. आजीनं शांतपणे शाल गुंडाळली. म्हणाली, मग ने तुझा झाडू आणि मीही जाते. राखणीशिवायचं पोर मी सांभाळणार नाही. उद्या काही झालं तर माझ्या माथी नको.

आठला पाच मिनिटं कमी होती. आजी गेली तर तो जाऊ शकत नव्हता. झाडू ठेवला तर जाऊन उपयोग नव्हता. असं धर्मसंकट भल्याभल्यांवर येत नाही, आणि ज्याला धर्मच नाही त्याच्यावर तर मुळीच येऊ नये. पण वेल्को कारागीर माणूस. त्यानं पक्कड आणली, झाडूची तार सोडली आणि काड्यांचा पुडा दांड्यावरून उपसून काढला. पुडा पाळण्याला टेकवला. आजीनं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, दांड्याशी तिला काही देणंघेणं नाही, ने. वेल्कोनं सात नंबरच्या दांड्यावर गुलाबी डोकं ठोकलं आणि तसाच धावत सुटला.

दोन दिवस ते खपलं. गेरगिन नंबर बघायचा आणि खूण करायचा. वेल्को रांगेत शेवटी उभा राहायचा आणि झाडूचं डोकं बर्फात खुपसून ठेवायचा. बाकीच्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. चार नंबरची स्तोयना, सहा पोरांची आई, तोंडाची अशी फटकळ की तिच्यासमोर टपालवाल्याची सायकलसुद्धा सरळ जाते, ती म्हणाली, "वेल्को, तुझ्या झाडूनं केस रंगवले की काय?" नऊ नंबरचा त्सोलो, जो गेल्या वीस वर्षांत पूर्ण शुद्धीत कुणी पाहिला नव्हता, त्यानं झाडूला मुका दिला. पण गेरगिनला कोणी सांगितलं नाही.

बुधवारी बर्फ वितळला. खुपसायला काही उरलंच नाही. गेरगिन रांगेसमोरून चालत आला, सात नंबरसमोर थांबला आणि त्या गुलाबी झिपऱ्यांकडे बराच वेळ पाहत राहिला. ओरडला वगैरे नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं वही काढून लिहून घेतलं की सरकारी मालमत्तेचं रूप बदललेलं आढळलं. आणि सांगितलं की उद्या सात नंबरचा झाडू, दांड्यासकट, काड्यांसकट, सरकारनं दिला तसा, हजर नसेल तर माणूसही हजर नाही.

वेल्कोनं कारण सांगितलं नाही. काय सांगणार? फरशीवाला वेल्को, जो पाद्रीबुवाच्या तोंडावर म्हणाला होता की तुमच्या पवित्र पाण्यानं माझं सिमेंट तरी भिजवा, तो आता म्हणणार की झाडू चेटकिणीसाठी ठेवलाय? त्याला त्याची लाज वाटली. त्यानं ठरवलं, सकाळी आजीला डुलकी लागली की पुडा उचलायचा, तार बांधायची, निघायचं. आजीला गुलाबी झाडू टेकवून ठेवायचा. म्हातारीला दिसतं किती?

गुरुवारी सकाळी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आजी सातला आली, दही खाल्लं, आणि साडेसातला तिची हनुवटी छातीला टेकली. वेल्को मांजराच्या पावलांनी पाळण्याशी गेला. काड्यांना हात घातला. पोरगी जागी होती. तिनं ओरडावं असंही काही नव्हतं, ती नुसती बघत होती, छताकडे की त्याच्याकडे कुणास ठाऊक. त्या वयात डोळे कुठेही असतात.

आणि फोन वाजला.

इस्पितळातली नर्स होती. इस्क्राला औषध लागू पडत नाहीये, म्हणाली. रात्री ताप एकेचाळीसवर गेला. आता दुसरं औषध सुरू केलंय, आजचा दिवस बघू. बोलता येईल का तिच्याशी, वेल्कोनं विचारलं. नर्स म्हणाली, ती बोलण्याच्या स्थितीत नाही. मग तिनं विचारलं, बाळ कसं आहे? वेल्को म्हणाला, छान आहे.

छान आहे, असं तोंडातून गेलं आणि त्यानं जीभ चावली. चांगलं म्हणाला तो. सकाळी सकाळी, पाळण्याशेजारी, राखण हातात उचलून धरलेली असताना, तोंड वर करून चांगलं म्हणाला. त्याला माहीत होतं की हा सगळा मूर्खपणा आहे. काड्या म्हणजे काड्या, ताप म्हणजे जंतू. हे सगळं त्याला माहीत होतं, आणि त्याला इतकी भीती वाटली होती की गुडघे टेकून तो खाली बसला. इस्क्रा मरेल अशी भीती. आणि इस्क्रा गेली तर ही एवढीशी पोर, आणि आपल्याला तिचं काहीही, काहीही येत नाही, ही भीती. त्यानं पुडा होता तसा, काड्या वर करून, पाळण्याला परत टेकवला. दोनदा सरळ केला. मग पोरीकडे पाहून म्हणाला, "कुरूप आहेस तू. एकदम भंगार."

"अजून म्हण," आजी म्हणाली. ती झोपली नव्हती.

आठ वाजता तो कचेरीसमोर रिकाम्या हातांनी उभा राहिला. नुसता दांडाही आणला नव्हता. गेरगिननं विचारलं, झाडू? आणि तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. झाडू पाळण्याशी आहे. चाळीस दिवस व्हायचेत, आई इस्पितळात आहे, ताप उतरत नाही. मी तो उचलणार नाही. लिही काय लिहायचं ते.

त्सोलोला हसू आलं होतं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. गेरगिननं वही उघडली. त्याची पेन्सिल जरा वेळ कागदावर नुसती उभी राहिली, हे स्तोयनानं पाहिलं आणि नंतर सगळ्यांना सांगितलं. मग त्यानं तिसरा खाडा मांडला. म्हणाला, उद्या शुक्रवार आहे, शाई फिरवावी लागेल. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, पण नियम होता.

वेल्को तिथून घरी गेला नाही. दुधाची पावडर संपत आली होती आणि औषधांचं दुकान पलीकडच्या गावात, जाऊन-येऊन बारा किलोमीटर. तो चिखलातून चालत राहिला. चालताना त्यानं हिशेब केला की सरपण मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरेल, मग कुंपण जाळता येईल, मग कोंबड्यांचं खुराडं. कोंबड्या घरात घेऊ. हगतील पोरीवर, आजीच्या तोंडात साखर पडो. तो स्वतःशीच हसला आणि हसता हसता रडला, रस्त्यात कोणी नव्हतं म्हणून मोठ्यानं रडला, आणि नाक बाहीला पुसून पुढे निघाला.

परत आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगणात बुटांचे ठसे दिसले, पुष्कळ. तो दार ढकलून आत शिरला तर दार पुरतं उघडेचना.

खोलीत झाडू होते. पाळण्याच्या चारही बाजूंनी, भिंतीला, खुर्चीला, खिडकीच्या चौकटीला टेकवलेले, काड्या वर. दोन, तीन, चार, पाच, सहा. आठपासून बारापर्यंत. मधोमध वूता आजी एखाद्या सेनापतीसारखी बसली होती.

तिनं सांगितलं, दुपारी बारानंतर एकेक जण आला. स्तोयना पहिली आली, पोरीला म्हणाली की हिचं नाक बघा, सुकलेला बटाटा. मग बाकीचे. प्रत्येकजण झाडू टेकवून, पोरीला शिव्या देऊन, थुंकून गेला. इतकं वाईट या घराण्यातल्या कुणाबद्दल एका दिवसात बोललं गेलं नसेल, आजी समाधानानं म्हणाली. त्सोलोला तर काही सुचेना, तो म्हणाला, माझ्यासारखी दिसते. त्याच्याइतकं वाईट कोणालाच जमलं नाही.

"आता मोज म्हणावं तिला," आजी म्हणाली. "पुढच्या हिवाळ्यापर्यंत मोज."

त्यानं दूध गरम करायला ठेवलं.

शुक्रवारी सकाळी शिट्टी वाजली. अकरा माणसं रांगेत उभी राहिली, अकरा जणांचे हात खिशात. बर्फ पुन्हा पडला होता, चांगला टाचेएवढा. गेरगिन रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला.

"झाडू कुठे आहेत?"

"कामावर," स्तोयना म्हणाली.

त्सोलो म्हणाला की त्याचा तर रात्रपाळीलाही होता, त्याचे जादा पैसे मिळतात का?

आता खोटं कशाला बोला, सगळेच काही पुण्यवान म्हणून आले नव्हते. झाडू नाही म्हणजे झाडणं नाही, आणि उणे आठमध्ये हा विचार दोघा-तिघांच्या मनात आधी आला असणार. पण झाडू दिले होते, हे खरं. आणि नियमाप्रमाणे गेरगिननं अकरा खाडे मांडायला हवे होते, हेही खरं. अकरा खाडे म्हणजे त्या दिवशी दोल्ना क्रुशात एकही माणूस कामावर नाही, आणि जिल्ह्यातून लगेच फोन येणार की मग मुकादमाला पगार कशाचा, कुत्री मोजण्याचा का? कुत्री खरंच आली होती. ती नेहमीसारखी वेळेवर होती.

गेरगिननं वही उघडली, मिटली. मग वेल्कोच्या समोर येऊन त्यानं विचारलं, पोरगी किती दिवसांची झाली?

"बावीस."

"म्हणजे अठरा राहिले." त्यानं खिशातून खोडरबर काढलं. भर थंडीत, उभ्या उभ्या, वही छातीला टेकवून त्यानं गुरुवारचा खाडा खोडला, फुंकर मारली, आणि बघितलं की कागदावर वळ तर राहिला नाही ना. "चाळीसच्या आत झाडू हलवत नाहीत हे मला तू शिकवणार का रे? मला? कालच पहिल्यांदा बोललास. सोमवारी बोलला असतास तर माझ्या वहीत तो गुलाबी प्रकार लिहायला लागला नसता. आता तो कसा खोडू, त्याला पान क्रमांक आहे."

मग त्यानं सगळ्यांना सांगितलं की सरपंचबाई नऊला येतात, त्याआधी गुत्त्यात जा किंवा कुठेही, पण रस्त्यावर दिसू नका. बुकात त्यानं अकरा जण हजर लिहिले. हत्यारांच्या रकान्यात काय लिहिलं ते कोणाला कळलं नाही, पण दोनच्या बसनं ते जिल्ह्याला गेलं आणि तिकडून कुणी काही विचारलं नाही. तिकडे ते कोण वाचतंय?

दुसरं औषध लागू पडलं. शनिवारी इस्क्रा फोनवर बोलली, आवाज कागदासारखा, पण तिचाच. पहिलं वाक्य हे की तू तिला टोपी घालतोस ना? बुधवारी तिला सोडलं. वेल्को आणायला गेला नाही, कारण खाडा झाला असता. स्तोयनाचा दीर गाडी घेऊन गेला आणि दुपारी एकला इस्क्रा दारात पोहोचली, अर्ध्याहून कमी झालेली, वेल्कोचाच जुना कोट अंगात, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. गाडी गल्लीच्या तोंडाशीच रुतली होती, रस्त्यांची तर दशाच झाली होती. आठवडाभर गावात कोणी काही झाडलं नव्हतं.

तिनं दार ढकललं, जेवढं उघडलं तेवढ्यातून आडवी होऊन आत आली आणि झाडूंकडे पाहत उभी राहिली. वेल्को तोंड उघडणार तोच ती मोजायला लागली. ओठ हलवत, बोट न दाखवता. बारा, म्हणाली.

अकरा, वेल्को म्हणाला. झाडायचे अकराच आहेत.

बारा आहेत, इस्क्रा म्हणाली.

वेल्कोनं वळून पाहिलं. पाळण्याच्या उशाशी, अगदी भिंतीलगत एक झाडू होता, जो सकाळी तो गेला तेव्हा तिथे नव्हता. काड्या पिवळ्याधमक, टोकं सुईसारखी, आजवर जमीन न पाहिलेला. दांड्यावर लाल आकडा होता. एक.

आजी म्हणाली, आला होता मघाशी. शिट्टी गळ्यात तशीच. पाळण्यात वाकून बघितलं आणि म्हणाला, नियमाप्रमाणे कुरूप आहे. थुंकला तीनदा, मोजून, आणि गेला.

इस्क्रा झाडूंमधून वाट काढत पाळण्यापाशी गेली. बारा दिवस तिनं पोरीला पाहिलं नव्हतं. तिनं वाकून तिला उचललं, मानेखाली हात नीट धरून, आणि तोंडाजवळ नेलं. तिला जे म्हणायचं होतं ते सगळं चेहऱ्यावर आलं होतं, आणि त्यातलं काहीही म्हणायची सोय नव्हती.

"शी," ती म्हणाली. "किती घाण दिसतेस गं तू. किती गं घाण." आणि ती घळाघळा रडायला लागली.

वेल्कोला काय करावं कळेना. त्यालाही रडायचं होतं, पण दोघांनी एकदम रडून कसं चालेल. त्यानं स्वयंपाकघरातून तो गुलाबी झाडू आणला आणि इस्क्राच्या बुटांचा चिखल गोळा करायला लागला.

आजीनं त्याच्याकडे पाहिलं. म्हणाली, झाडायला बरा आहे की तो.